तंबोरा, फी आणि साथीदार

संगीताच्या इतिहासात गवयांची नावे असतात, घराण्यांच्या वंशावळी असतात, रागांविषयीचे वाद असतात. जमाखर्चाची वही मात्र क्वचितच उघडली जाते. शिष्याच्या हाती तंबोरा आला तो कोणाच्या पैशाने, गुरूला काय मिळाले, ठेका धरून तासन् तास बसलेल्या तबलजीची बिदागी कोणी भरली, हे प्रश्न रसिकांना थोडे रुक्ष वाटतात. परंतु गायनविद्या गुरूच्या घरातून विद्यालयात आणि विद्यालयातून विद्यापीठात आली, तो सारा प्रवास ह्याच तीन प्रश्नांच्या वाटेने झालेला आहे. ज्या संस्थेने त्यांची उत्तरे शोधली ती टिकली. ज्या संस्थेला ती सापडली नाहीत तिची दारे, चालकांची निष्ठा कितीही मोठी असली तरी, बंद झाली.

जुन्या पद्धतीत फी हा शब्दच नव्हता. पण विद्या फुकट होती असे मात्र समजू नये. शिष्याच्या मनगटाला गंडा बांधला जाई, त्या प्रसंगी गूळ-हरभरे वाटले जात, गुरूला वस्त्र आणि यथाशक्ती नजराणा अर्पण होई. त्यानंतर खरी किंमत सुरू होई, आणि ती रुपयांत मोजली जात नसे. पाणी भरणे, गुरूचे पाय चेपणे, बाजारहाट करणे आणि ह्या सर्वांतून उरलेल्या वेळात कानावर पडेल ते टिपून घेणे, अशी ती वर्षांची फी असे. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत नव्हती, किंवा ज्याची उपाशी राहण्याची तयारी होती, तोच ती भरू शके. मधल्या स्थितीतल्या, म्हणजे शाळा शिकून नोकरी करू पाहणाऱ्या माणसाला त्या दरवाजातून आत जाणे जवळजवळ अशक्यच होते.

त्या व्यवस्थेत वाद्ये आणि साथीदार ह्यांचा प्रश्न सुटला होता तो राजाश्रयामुळे. दरबारी गवयाचा तंबोरा दरबारचा, तबलजी आणि सारंगीवाला दरबारच्या पगारपत्रकावर. ग्वाल्हेरची ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशी ह्यांच्यापाशी शिकून ती महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस अध्यापन करीत, ते संस्थानिकाच्या आश्रयावर. त्यांच्यापाशी शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांची तेथील राहण्याजेवण्याची सोयही मिरजेच्या राजेसाहेबांच्या कृपेनेच झाली होती. एका माणसाची मर्जी हाच त्या विद्येचा पाया. ती मर्जी फिरली, अथवा राज्यच गेले, की गुरु, शिष्य आणि साथीदार तिघेही एकदम रस्त्यावर येत.

ह्या मर्जीला नियमाचे रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न बडोद्यास झाला. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष ह्यांनी १८८६ मध्ये तेथे गायनशाळा सुरू केली. मौलाबक्ष स्वतः नामांकित गवई आणि बीनकार होते. तरीही त्यांनी स्वरलेखनाची एक पद्धती तयार केली आणि पाठ्यपुस्तके रचली, कारण पंचवीस-तीस मुलांचा वर्ग केवळ तोंडी तालमीवर चालत नाही हे त्यांनी ओळखले होते. शिक्षकांचा भार संस्थानच्या तिजोरीवर होता. संगीत हा शाळेत शिकण्याचा एक विषय आहे, त्याला ठरलेली वेळ, ठरलेला क्रम आणि ठरलेला शिक्षक असतो, ही कल्पना बडोद्याने रूढ केली. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ ह्याच वातावरणात वाढले आणि पुढे त्यांनी हे संगीत युरोप-अमेरिकेपर्यंत नेले. १९४९ मध्ये बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. आज त्या विद्यापीठात जी संगीत-नृत्य-नाट्याची शाखा आहे, तिचे मूळ ह्या १८८६ च्या गायनशाळेत आहे.

परंतु तिजोरी संस्थानची असली की उत्तर संस्थानच्या सीमेपुरतेच राहते. बाहेरच्या मुलांनी काय करावे? ह्या प्रश्नाला उत्तर देण्यास विष्णु दिगंबर पुढे झाले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, गावोगाव जलसे केले, तिकीट लावून गाणे ऐकविले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. कोणत्याही राजाच्या पदरी न राहता लोकांच्या वर्गणीवर, फीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर गायनाचे विद्यालय चालवावयाचे, हा त्या काळी धाडसाचा विचार होता. गाणे ही घरंदाज कुटुंबांनी दूर ठेवावयाची वस्तू समजली जाई. तेथे मुलांना, आणि त्याहून अवघड म्हणजे मुलींना, पैसे भरून गाणे शिकावयास पाठविण्याची सवय समाजाला लावावयाची होती.

त्यांच्या विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी असत. एक, फी भरून ठराविक तास शिकणारे गृहस्थ व त्यांची मुले. दुसरे, उपदेशक वर्गाचे. ह्या दुसऱ्या वर्गातील मुलांचे जेवणखाण, कपडे, राहणे आणि शिकणे सर्व विद्यालयाकडे असे. त्याच्या बदली मुलाने ठरलेली वर्षे संस्थेत राहावयाचे व पुढे संगीताचा प्रसार करावयाचा, असा करार होई. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही मंडळी ह्याच परंपरेतून पुढे आली. म्हणजे भरणारा गृहस्थ न भरणाऱ्या मुलाचा काही भार उचलीत असे, आणि उरलेला भार गुरूचा गळा उचलीत असे. जलसे करून बुवा जे मिळवीत ते विद्यालयात ओतीत.

साधनांचा प्रश्नही त्यांनी व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिला. पुस्तके बाहेरून आणण्यापेक्षा स्वतःचा छापखाना काढावा, वाद्ये बाहेर दुरुस्तीस धाडण्यापेक्षा दुरुस्तीची व्यवस्था आपल्याच घरी ठेवावी, असे त्यांचे धोरण होते. साथीदारांची अडचणही तशीच सोडविली गेली. उपदेशक वर्गातील मुलांना गळ्याबरोबर हातही तयार करावे लागत. जलशात कोणी तंबोरा धरी, कोणी तबल्यावर बसे, कोणी पेटीवर. आजचा साथीदार उद्याचा गायक आणि परवाचा शिक्षक, अशी ती व्यवस्था होती.

१९०८ मध्ये मुंबईस विद्यालयाची शाखा निघाली आणि तेथेच जमाखर्चाने दगा दिला. विद्यार्थी वाढले तशी जागा हवी झाली. सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत कर्जाच्या आधाराने उभी राहिली. फीच्या उत्पन्नातून शिक्षकांचे पगार आणि मुलांचे जेवण निघे, पण कर्जाचे व्याज निघत नसे. व्याज भरण्यासाठी बुवांनी दौरे काढावे, दौऱ्यावर गेल्यामुळे विद्यालयाकडे लक्ष कमी व्हावे, असे चक्र सुरू झाले. अखेर १९२४ मध्ये धनकोंच्या देण्यापायी ती इमारत लिलावात गेली. बुवांनी नाशिकास रामनाम आधार आश्रमात आयुष्याची शेवटची वर्षे काढली आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस देह ठेवला. इमारत गेली तरी माणसे उरली होती, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईस आपले विद्यालय काढले. बुवांच्या निधनाच्या वर्षीच शिष्यांनी अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धनांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. विटांवर काढलेले कर्ज बुडविते आणि मुलांवर केलेला खर्च परत येतो, असा हिशेब ह्या उदाहरणावरून मांडता येईल.

त्याच काळात पुण्यास अब्दुल करीम खाँ ह्यांनी १९१३ मध्ये आर्य संगीत विद्यालय काढले. खाँसाहेब स्वतः तंबोरे जुळविण्यात आणि वाद्ये दुरुस्त करण्यात वाकबगार होते. गरीब पण गुणी मुलांस सांभाळून शिकवावे आणि जलशांच्या उत्पन्नावर विद्यालय चालवावे, हीच वाट त्यांनीही धरली. घराणी निराळी, स्वभाव निराळे, पण खर्चाचे कोडे एकच होते आणि दोघांनाही ते आपल्या गळ्यानेच सोडवावे लागले.

विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. त्यांनी तिसरी वाट घेतली. एका माणसाच्या गळ्यावर संस्था उभी राहू नये, तिला सरकारचा किंवा संस्थानाचा कायमचा आधार असावा, अभ्यासक्रम छापील असावा आणि शिक्षक बदलला तरी वर्ग चालू राहावा, असा त्यांचा आग्रह होता. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीत ह्या विचाराला उघड रूप आले. १९१८ मध्ये ग्वाल्हेरीस माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने माधव संगीत विद्यालय निघाले. तत्पूर्वी राजाभैया पूंछवाले आदी तेथील जाणकारांना भातखंड्यांच्या पद्धतीचे शिक्षण घेण्यास मुंबईस पाठविण्यात आले होते. विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षक तयार करण्याचा हा क्रम पाहण्याजोगा आहे. १९२६ मध्ये लखनौस, राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली ह्यांच्या खटपटीने, मॅरिस कॉलेज सुरू झाले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस ह्यांचे नाव संस्थेस मिळाले. तालुकदारांच्या देणग्या आणि सरकारी आधार ह्यांवर ती उभी राहिली. १९२८ पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे प्राचार्य झाले.

रातंजनकरांचे स्वतःचे शिक्षण हा ह्या विषयातला एक बोलका दाखला होय. भातखंड्यांपाशी शास्त्र आणि चिजा शिकल्यावर त्यांना बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या शिष्यवृत्तीवर ते फैयाज खाँसाहेबांचे गंडाबंध शागीर्द झाले. जुना गंडा आणि नवी शिष्यवृत्ती एकाच विद्यार्थ्याच्या ठिकाणी अशा एकत्र आल्या. पुढे लखनौस त्यांनी जे शिष्य तयार केले, त्यांतील कृष्णराव गिंडे वयाच्या अकराव्या वर्षी, १९३६ मध्ये त्यांच्या घरी राहावयास आले. म्हणजे कॉलेजात फी, हजेरी आणि परीक्षा असल्या तरी खरी तालीम घरी, पहाटे आणि रात्री, पूर्वीसारखीच चालत असे. छापील अभ्यासक्रमाने साक्षर श्रोता आणि शिक्षक निर्माण होतो. गवई होण्यास अजूनही गुरूचा वेळ लागतो, आणि गुरूचा वेळ ही कोणत्याही फीच्या तक्त्यात न बसणारी बाब आहे.

आता साधनांकडे वळावे. गाणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले साधन तंबोरा. मिरजेस शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा धंदा उचलला. तलवारींची मागणी सरत चालली होती आणि दरबारी गवयांची वाद्ये दुरुस्त करणारे कोणी हवे होते. फरीदसाहेबांचे नाव त्यांत आद्य समजले जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा कडू भोपळा वाळवून त्याची बैठक, तुनीच्या लाकडाची दांडी व तबली, आणि घोडी, ही त्याची मुख्य अंगे. एक तार पंचमाची, दोन जोडाच्या, आणि चौथी पितळेची खर्जाची. घोडीची पाठ घासून आणि तारेखाली दोरा सरकवून जवारी लावावी लागते. ती बिघडली की वाद्य मुके होते. मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराचा हा मान योग्यच आहे. परंतु भोपळ्याचे हे वाद्य हवेने चढते-उतरते, आगगाडीच्या प्रवासात फुटते, आणि जवारी उतरल्यावर पुन्हा कारागिराकडेच न्यावे लागते. विद्यालयाने दहा तंबोरे एकदा विकत घेतले म्हणजे खर्च संपला असे होत नाही. तारा, खुंट्या, गवसण्या आणि जवारी ह्यांचा खर्च दरवर्षीचा असतो.

एकत्र वर्गात आणखी एक अडचण येते. पुरुषांचा आवाज बहुधा पांढरी एक, काळी एक, काळी दोन ह्यांच्या आसपास लागतो. स्त्रियांचा काळी चार-पाचच्या आसपास. एकाच पट्टीत सर्वांना गावयास लावले तर निम्म्या वर्गाचा गळा ताणला तरी जातो किंवा दबला तरी जातो. ह्यास्तव दोन पट्ट्यांचे तंबोरे हवेत, आणि तबलाही एकच पुरत नाही, कारण तोंडाच्या मापाप्रमाणे त्याचा स्वर ठरतो आणि हातोडीने गठ्ठे ठोकून तो थोडाच वरखाली करता येतो. शाई उडाली किंवा पुडी फाटली की नवी पुडी आली. वर्गातील संख्या वाढवून फी वाढविणाऱ्या चालकांच्या लक्षात हा हिशेब पुष्कळदा उशिरा येतो.

ह्याच अडचणीतून पेटी विद्यालयात शिरली. १८४२ मध्ये पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचा हक्क नोंदविला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी तिला हाताने भाता चालविण्याजोगे, मांडी घालून वाजविण्याचे रूप दिले. तिला जुळवावे लागत नाही, जवारी लावावी लागत नाही, आणि नवख्या शिक्षकालाही तिच्या आधाराने पंचवीस मुलांचा वर्ग सुरात ठेवता येतो. सारंगीला तीन मुख्य तारा आणि तीसांहून अधिक तरफा. ती जुळविण्यातच तास जावा आणि वाजविण्यास शिकण्यात तप जावे. शिवाय सारंगीवर कोठीच्या गाण्याचा शिक्का बसलेला होता. प्रतिष्ठित घरांतल्या मुलींच्या वर्गात सारंगियास बसविण्याची हिंमत फारशा चालकांना झाली नाही. अशा रीतीने सोय आणि सोवळे ह्यांनी मिळून सारंगीला विद्यालयाच्या बाहेर ठेविले.

पेटीत मींड निघत नाही आणि तिचे बारा स्वर ठाम बसविलेले, म्हणून जाणकारांनी तिच्यावर टीका केली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स ह्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडून श्रुति-हार्मोनियम करविली. बडोद्याच्या परिषदेत तिची चर्चाही झाली, पण विद्वानांचे एकमत झाले नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीस बंदी केली आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. ह्या तीस-एक वर्षांत रेडिओवर पेटी नव्हती, पण गल्लोगल्लीच्या गायनवर्गांत तीच होती. गोविंदराव टेंबे ह्यांच्यासारखा पेटीचा कलावंत भास्करबुवा बखल्यांच्या गाण्यामागे किती अदबीने चालत असे, हे ज्यांनी ऐकले त्यांनी पेटीचा दोष वाद्याचा किती व हाताचा किती हे ओळखले होते. दुसरीकडे, रेडिओने साथीदारांना मासिक वेतनावर घेतले, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने बंदीपेक्षाही महत्त्वाची ठरली. दरबार गेल्यावर साथीदाराला महिन्याच्या महिन्याला पैसे देणारा आश्रयदाता फार थोड्यांना मिळत होता.

स्वातंत्र्यानंतर संगीताला विद्यापीठाचे दार उघडले. १९५० मध्ये काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे महाविद्यालय निघाले आणि ओंकारनाथ ठाकूर त्याचे प्रमुख झाले. उपदेशक वर्गाचा मुलगा विद्यापीठाच्या खुर्चीवर बसला. १९५६ मध्ये खैरागढच्या राजदांपत्याने आपला राजवाडा देऊन इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे केले. १९६६ मध्ये लखनौचे कॉलेज उत्तर प्रदेश सरकारने ताब्यात घेऊन त्यास भातखंड्यांचे नाव दिले. आज ते विद्यापीठ झाले आहे. १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आला. फी आता सहामाहीची झाली, तंबोरा विभागाच्या कपाटात आला आणि गुरूला वेतनश्रेणी मिळाली. १९७९ मध्ये बंगळूरास विजेवर चालणारा तंबोराही तयार झाला. त्याने तारा व जवारीचा खर्च वाचविला आणि एकट्याने रियाज करणाऱ्याची मोठी सोय केली. मात्र तंबोरा जुळविता जुळविता कान जे शिकतो, ते बटण फिरवून शिकता येत नाही, हेही तितकेच खरे.

ह्या सर्व प्रगतीत एकाच माणसाचे स्थान अजून पक्के झालेले नाही, आणि तो म्हणजे साथीदार. विलंबित एकतालाचा ठेका तासभर न ढळता धरणारा तबलजी नसेल तर ख्यालाचा विद्यार्थी लयीत वाढणार कसा? चुकलेल्या समेवर न हसता पुन्हा मुखडा देणारा, घाईत असलेल्या पोराला लयीत ओढून धरणारा साथीदार हा वर्गातला दुसरा शिक्षकच होय. लखनौच्या कॉलेजाने हे आरंभीच जाणले आणि लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ ह्यांना तबल्याचे अध्यापक नेमले. परंतु पुष्कळ ठिकाणी आजही साथीदार तासाच्या मानधनावर येतो. सुटीत त्याचे मानधन थांबते, आणि काटकसर करावयाची झाली की पहिली कात्री त्याच्यावर चालते. मग विद्यार्थी यंत्राच्या ठेक्यावर रियाज करतात आणि परीक्षेच्या दिवशी अनोळखी तबलजीपुढे बसून गोंधळतात. ज्याच्या घरी ऐपत असते तो खाजगी साथीदार ठेवतो. ज्याची नसते तो गुणांत मागे पडतो, आणि दोष त्याच्या तयारीला दिला जातो. गुरुगृहाची ती जुनी, रुपयांत न मोजली जाणारी फी अशा रीतीने नव्या रूपाने परत येते.

ह्यावरचे उपाय इतिहासानेच दाखविलेले आहेत. बडोद्याने वेतनाचा नियम दिला, रातंजनकरांना शिष्यवृत्ती दिली. विष्णु दिगंबरांनी ऐपतीच्या माणसाकडून फी घेऊन गरिबाच्या मुलास जेवू घातले आणि त्याला साथही शिकविली. भातखंड्यांनी एका माणसावर न विसंबणारी संस्था मांडली. वाद्ये विद्यार्थ्यास घरी नेण्यास मिळावी, त्यांच्या दुरुस्तीची रक्कम दरवर्षी बाजूस काढावी, गायनाच्या विद्यार्थ्याने दोन वर्षे तरी ठेका धरावयास शिकावे आणि साथीदारास अध्यापकाची जागा व वेतन असावे, ह्या चार गोष्टींस फार मोठी इमारत लागत नाही. सँडहर्स्ट रोडवरची इमारत लिलावात गेली त्या वेळी विष्णु दिगंबरांपाशी उरली होती ती त्यांनी पोसलेली आणि शिकविलेली माणसे. महाराष्ट्राचे पुढचे संगीतशिक्षण त्यांनीच चालविले. विद्यापीठांनी आपला अर्थसंकल्प मांडताना एवढे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.